गादीच्या दुकानातली नोकरी

हाडांच्या डॉक्टरांकडे मी नंबर लावून बसले होते. शेजारच्या बाकावर नणंद-भावजय होत्या. भावजयीच्या अंगावर गादीच्या दुकानाचा युनिफॉर्म होता.

“वहिनी, अशी वाकडी का बसलीस?”

“सरळ बसायला कंबर ऐकते कुठे? दिवसभर उभी असते मी.”

“दुकानात एवढे पलंग आहेत. मधूनच टेकायचं जरा.”

“ते गिऱ्हाइकांना लोळून बघायला आहेत. मी टेकले तर साहेब म्हणतील, उद्यापासून घरीच लोळा.”

“आणि घरी?”

“घरी चटई. तुझा भाऊ म्हणतो, फरशीवर झोपणं तब्येतीला चांगलं.”

“त्याला काय कळतंय! दोन वर्षं झाली, हाताला काम नाही.”

“म्हणून तर त्याची कंबर ठणठणीत आहे.”

“पण बायको नोकरीला आहे म्हणून सगळ्यांना कौतुकानं सांगतो हं.”

“सांगणारच. नोकरी लागली तशी सरकारी मदत बंद झाली आणि नातेवाईक उसने मागायला लागले. आता गरीब म्हणवून घ्यायचीसुद्धा सोय राहिली नाही.”

नाव पुकारलं तशी ती आत गेली आणि थोड्या वेळानं कंबर धरूनच बाहेर आली.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“पंधरा दिवस झोपून राहा म्हणाले.”

“मग रजा टाक की!”

“टाकते ना. मी रजा टाकली की साहेब माझ्या जागी दुसरी टाकतील.”

मग ती औषधांच्या खिडकीशी गेली.

“ताई, कंबरेचा पट्टा द्या. पण युनिफॉर्मच्या आतून दिसणार नाही असा. कंबरदुखी घालवणाऱ्या गाद्या विकते मी.”