माझं स्वप्न परीक्षेत आलं तेव्हा

मंडळी, बसा, बसा. माझ्यासाठी कुणी उठू नका. खरं तर या शोकसभेत माझी नात मुक्ता बोलणार होती. तुम्ही आत्ताच पाहिलंत, माइकपाशी आली, "आमच्या सरोजबाई" एवढं म्हणाली आणि पुढे शब्दच फुटेना. मग मीच म्हटलं, सरक, मी बोलते. मी तिसरीपर्यंत शिकलेली. एवढ्या शिकलेल्या माणसांपुढे काय बोलायचं, मला ठाऊक नाही. आणि मध्येच मला हसू आलं तर वाईट वाटून घेऊ नका. सरोजबाईंची आठवण आली की मला आधी हसू येतं. रडू मागाहून येतं.

बाई आमच्या कसब्यातल्याच. अकरावी-बारावीच्या मुलांना मानसशास्त्र शिकवायच्या. फार कडक हो! मार्क द्यायला हात आखडता आणि चहात साखर घालायलाही. दुपारी कॉलेज सुटलं की आमच्या ओट्यावर टेकायच्या. समोर तांबटाचं दुकान. त्याचे भांड्यावर ठोके पडायचे, टण टण, टण टण, आणि मटार सोलता सोलता मला डुलकी लागायची. जागी झाले की बाई विचारायच्या, "आजी, आज काय पाहिलंत?"

मला स्वप्नं फार पडतात. अजूनही पडतात. पण एक स्वप्न माझं जुनं आहे, लहानपणापासूनचं. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी आलेलं असतं. पुराचं नाही हं, अगदी नितळ. तळाचे दगड दिसतात. दुकानांच्या फळ्या लावलेल्या, कुठे चिटपाखरू नाही, आणि पाण्यावर पाट्या तरंगताहेत. शाळेच्या दगडी पाट्या! दगडाची पाटी तरंगते का कधी? पण स्वप्नात तरंगते. मी त्या वेचत वेचत जाते. पलीकडे कुणीतरी हजेरी घेत असतं. माझं नाव येतं. मला काही आवाज फुटत नाही. आणि मग माझ्या मागून कुणीतरी म्हणतं, "हजर." मी हसत जागी होते.

बाईंनी ते दोनदा ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आजी, हे स्वप्न मला द्याल? मुलांना देईन. तुमचं नाव घालणार नाही."

मी म्हटलं, "न्या की! माझ्याकडे काय तोटा आहे?"

आता मला काय माहीत, त्या ते परीक्षेत घालतील!

तेव्हा मुक्ता बारावीला होती. ते दिवस आठवतात ना तुम्हाला? ज्याला त्याला कॉम्प्युटरचं वेड. आमच्या समोरच्या शिंप्याने शिलाईची मशीन माळ्यावर टाकून कॉम्प्युटरचा क्लास काढला. माझा मुलगा सुधीर हिंजवडीला कंपनीत लागलेला. त्याची मुलगी आर्ट्सला गेली, वर मानसशास्त्र घेतलं, तेव्हा तो महिनाभर माझ्याशीही धड बोलत नव्हता. जसं काही मीच फॉर्म भरला! शेवटी म्हणाला, "पूर्वपरीक्षेत मार्क चांगले पडले तर पुढे हेच कर. नाहीतर माझं ऐकायचं."

पूर्वपरीक्षेत प्रश्न आला. एका वृद्ध स्त्रीला असं असं स्वप्न पडतं, स्पष्टीकरण द्या. मुक्ताने ओळखलं. ओळखणारच! घरी आली ती उड्या मारत. "आजी, तू पेपरात आलीस! मी चार पानं लिहिली!"

आणि मार्क पडले दहापैकी तीन.

मुक्ता जेवली नाही. सुधीर ओरडला नाही, नुसता म्हणाला, "ठरलं होतं ना आपलं?" आणि पोरगी चक्क हो म्हणाली. मला ते सहन होईना. मी पदर खोचला आणि गेले बाईंच्या घरी भांडायला. म्हटलं, "अहो बाई, नातीने स्वतःच्या आजीविषयी लिहिलं, ते चुकेल कसं? तिच्याइतकं मला कोण ओळखतं?"

बाई म्हणाल्या, "आधी बसा." त्यांनी मुक्ताचा पेपर वाचून दाखवला. मुक्ताने लिहिलं होतं, ही स्त्री फार दुःखी आहे. हिची शाळा लहानपणी सुटली. हिला त्याची खंत आहे, म्हणून हिला हे स्वप्न छळतं. वाचता वाचता बाई थांबल्या. "आजी, हे स्वप्न तुम्हाला छळतं?"

"छे हो! मी तर झोपताना वाट बघते त्याची."

"मग प्रश्नात 'हसत जागी होते' असं मी छापलं होतं, ते हिने वाचलं का?"

मी खोचलेला पदर सोडला.

मग म्हणाल्या, "बाकीचेही ऐका." एका मुलाने पुस्तकात स्वप्नांविषयी जेवढं होतं तेवढं सगळं उतरवलं होतं. बरोबर होतं हो सगळं. पण त्यात मी कुठेच नव्हते. म्हातारी नाही, पाणी नाही, पाट्या नाहीत. त्याला पाच. आणि विश्रांतवाडीहून येणारी एक मुलगी होती, तिचं जेमतेम दीड पान. तिने अबोध मन म्हणून काहीतरी सांगितलं होतं. ते काय असतं, बाईंनी मला समजावलं होतं आणि मी ते विसरले. पण तिने ते माझ्या पाट्यांना लावून दाखवलं. त्याने काय उलगडतं ते लिहिलं, काय उलगडत नाही तेही लिहिलं. आणखी एक वेगळं कारण असू शकेल, तेही मांडलं. आणि शेवटी लिहिलं, ही स्त्री का हसते ते एवढ्या माहितीवरून सांगता येणार नाही. तिलाच विचारावं लागेल.

"हिला नऊ," बाई म्हणाल्या. "पुस्तक पाठ असलं की पास होता येतं, आजी. पुढचे मार्क समोरच्या माणसाला ते लावून बघण्याचे. तुमच्या नातीचं तुमच्यावर प्रेम आहे. प्रेमापोटी तिने प्रश्नच वाचला नाही."

मी विचारलं, "मग तो एक मार्क का कापलात?"

"अक्षर," बाई म्हणाल्या.

हसा, हसा. बाईंना चाललं असतं.

मी घरी येऊन मुक्ताला सगळं सांगितलं. तिन्हीसांजेला माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, तू का हसतेस गं?" मंडळी, सत्तर वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत गेले. ती ऐकत गेली. मध्ये एकदाही "म्हणजे तुला असं वाटतं" म्हणाली नाही. दिवा लावायचा राहिला. दारात सुधीर उभा होता, कधी आला कळलंच नाही. तोही ऐकत होता. त्या रात्री तो मुक्ताला एवढंच म्हणाला, "बोर्डाला नीट वाच प्रश्न." मी काय ते समजले.

तीच ही मुक्ता. सोमवारपासून बाईंच्या वर्गावर ती शिकवायला जाणार आहे. काल मला म्हणत होती, "आजी, त्या खुर्चीत मला बसवणार नाही." मग उभी राहून शिकव. बाई तरी कुठे बसायच्या?

परवा पहाटे परत तेच पाणी, त्याच पाट्या. हजेरी चालली होती. सरोजबाईंचं नाव आलं. कुणी काही बोलेना. मग माझ्या मागून आवाज आला, "हजर." आवाज कुणाचा, मला कळलं नाही. मी हसत जागी झाले, आणि मग आठवलं. मुक्ताला सांगितलं तर म्हणते, "लगेच अर्थ लावू नकोस, आजी." बरं बाई. नाही लावत.

परीक्षेच्या वेळी बाई वर्गात एकच सांगायच्या. पेपर हातात आला की पेन खाली ठेवा. आधी नुसतं वाचा. लिहायची घाई नको.

सरोजबाई, तुम्हाला माझा नमस्कार.

आता सगळ्यांनी उभं राहू या. बाई कशा होत्या, कुणी काही ठरवू नका. दोन मिनिटं, पेन खाली.