शनिवारच्या पडद्यावरचा कारखाना

आदरणीय अध्यक्ष, मंचावरचे प्राचार्य सर आणि संस्थेचे पदाधिकारी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या प्राध्यापक उल्का मॅडम, माझे शिक्षक, मित्रमैत्रिणी आणि शेवटच्या रांगेत बसलेले माझे वडील, सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मी चैताली. विद्यार्थ्यांतर्फे मला दोन मिनिटं दिली आहेत. थोडी जास्त लागतील.

मॅडम आम्हाला राज्यशास्त्र शिकवत. पण शनिवारी दुपारी खिडक्यांना काळं कापड लावून त्या सिनेमे दाखवत. पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया; कम्युनिस्ट सरकारांच्या काळात, त्यांच्याच पैशानं काढलेले. कॅसेट जुनी, चित्र थरथरणारं, खाली इंग्रजी अक्षरं. माझं इंग्रजी तेव्हा बेताचं, म्हणून मॅडम शेजारी बसून मराठीत सांगत जायच्या. पहिल्याच शनिवारी, शेवटी दिवे लागल्यावर, आमच्या वर्गातल्या आमोदनं विचारलं, "मॅडम, सिनेमा सुरू कधी होणार?"

"संपला," मॅडम म्हणाल्या. "आता तू सुरू हो. काय पाहिलंस, सांग."

मला वाटलं होतं, लाल झेंडे आणि हसरे कामगार दिसतील. दिसली बुटांसाठी रांगेत उभी राहिलेली बाई. दिसला शेजाऱ्याशी बोलताना नळ सोडून ठेवणारा म्हातारा, बोलणं भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून. सरकारच्याच पैशानं इतकं खरं कुणी कसं दाखवलं असेल?

घरी जाऊन मी वडिलांना सांगायची. ते हडपसरच्या एका कारखान्यात, युनियनचे जुने माणूस. त्यांना पटायचं नाही. "कामगाराचं राज्य व्हतं तिथं. तुझ्या बाईंनी उलटं सांगितलं आसंल."

म्हणून एका शनिवारी त्यांना घेऊन आले. त्याच महिन्यात त्यांचा कारखाना बंद झाला होता. स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर त्यांनी सही केली होती. स्वेच्छा कुणाची, हे कुणी विचारलं नव्हतं. पडद्यावर हंगेरीतला कारखाना. सभा भरते. ठराव आधीच छापलेला. साहेब विचारतो, "कुणाचा विरोध?" सगळे कामगार खाली बघतात.

दिवे लागल्यावर वडील म्हणाले, "बाई, म्हंजी तिथं बी सायबच व्हता?"

"होता, संपतराव."

"मंग आता आमी बघायचं कुणाकडं?"

मॅडमकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं, खवचट का होईना. त्या दिवशी म्हणाल्या, "मला माहीत नाही हो. माहीत असतं, तर सिनेमे कशाला दाखवत बसले असते?"

त्यानंतर वडील युनियनच्या ऑफिसात गेले नाहीत.

असो. अध्यक्षांनी आत्ताच सांगितलं, की मॅडम स्वेच्छेनं निवृत्त होत आहेत. त्यांचं निवृत्तीचं वय अजून झालेलं नाही. त्यांच्या विषयाला मुलं मिळत नाहीत, हे खरं. सोमवारपासून आमच्या सिनेमांच्या खोलीत कॉम्प्युटरचा कोर्स सुरू होतोय, हेही खरं. गेल्या आठवड्यात संस्थेनं आम्हा आजीमाजी विद्यार्थ्यांना बोलावून, मॅडमचा विषय बंद करण्याबद्दल विचारलं होतं, "कुणाची हरकत?" आम्ही ते सगळे सिनेमे पाहिलेले, मॅडमनी तयार केलेले विद्यार्थी. एकानंही हात वर केला नाही. मीही नाही. मग त्या सिनेमांनी आम्हाला शिकवलं तरी काय? मान कशी खाली घालायची, एवढंच?

मी कॉम्प्युटरची परीक्षा दिलेली, म्हणून त्या कोर्सवर शिकवायला मला घेतलं आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि आता घरात येणारा पगार माझाच. मॅडमना सांगायला गेले, तर म्हणाल्या, "घे. दुसरं कुणी आलं, तर त्याला पंख्याचं बटण कुठलं तेही कळायचं नाही." आणि कॅसेट पिशवीत भरू लागल्या. मला हात लावू दिला नाही.

अध्यक्ष महोदय, प्राचार्य सर, मला बोलू दिलंत, आभारी आहे. खुर्च्या मांडणाऱ्या, चहा करणाऱ्या सर्वांचेही आभार. वेळ ओलांडली, बोलण्यात कमीजास्त झालं, त्याबद्दल मोठ्यांनी क्षमा करावी. सोमवारी मी त्या खोलीत उभी राहणार आहे, त्याबद्दल मात्र मॅडमची क्षमा मागत नाही. मागितली, तर त्या लगेच देतील.