शेंदराचा दगड

(मांजरसुंब्याजवळचा डोंगर. भंडाऱ्याची गर्दी, वर स्पीकर.)

रोहिणी : निदान स्पीकर तरी बंद करायला सांग, अभिमन्यू. पिलू बिळात एकटं आहे.

अभिमन्यू : काय म्हणून सांगू, रोहिणीताई? देवाचा भंडारा हाय.

रोहिणी : पहाटे लांडगिणीनं बाकीची पिलं तोंडात धरून पलीकडं नेली. शेवटच्यासाठी आली, तर ही गर्दी. झुडपातूनच परत फिरली बिचारी.

अभिमन्यू : बघितलं मी बी.

रोहिणी : दर रविवारी राबून आपण ही पायवाट केली. बीळ वाचावं म्हणून ती वळवलीसुद्धा. मग बिळाच्या तोंडाशी दगडाला शेंदूर फासायची अक्कल कुणाची?

अभिमन्यू : माजीच. 'इकडं येऊ नका' म्हणून पाटी लावली, तर ती कुणीतरी चुलीत घातली. म्हणलं, देव बसवू. भिऊन पल्याड कुणी पाय टाकणार न्हाई.

रोहिणी : आणि?

अभिमन्यू : पहिल्याच मंगळवारी नारळ फुटला.

रोहिणी : तेव्हाच दगड उचलून टाकायचा होता.

अभिमन्यू : गेलतो की उचलायला. म्होरं आई बसल्याली, डोळे मिटून.

रुक्मिणीबाई : कावून नाव काढलं रं माजं? घे पोरी, परसाद घे. लई जागृत हाय ह्यो. आमच्या करिष्माची कूस उजवली ह्यानं. किती वर्सं वाट बघितली लेकीनं.

अभिमन्यू : आई, ह्यो दगड मी ठिवलाय. शेंदूर बी मीच लावला.

रुक्मिणीबाई : मग? त्यानंच तुज्याकडून ठिवून घेतला आसंल.

रोहिणी : मावशी, मागं बिळात लांडग्याचं पिलू आहे. लोक जरा खाली गेले, तर त्याची आई येईल.

रुक्मिणीबाई : हळू बोल, बाई. तिकडं सटवा बसलाय जेवायला. त्याची मेंढरं लांडग्यानंच नेली. कानावर गेलं तर बिळात धुरी देईल.

रोहिणी : मग आपणच काढून नेऊ का पिलाला?

अभिमन्यू : एवढ्या लोकात? चार पावलं तरी जाऊ देतील का?

रुक्मिणीबाई : अन् आज रातभर भजन हाय. उद्याबी.

रोहिणी : ऐका. रडतंय ते.

अभिमन्यू : मला तर स्पीकरच ऐकू येतोय.

रोहिणी : नीट ऐक.

अभिमन्यू : ...येतंय ऐकू.

रुक्मिणीबाई : आता उभं ऱ्हाऊन काय करताव? हात जोडा दोघं बी.

अभिमन्यू : मीच बसवलेल्या दगडाला काय मागू, आई?

रुक्मिणीबाई : माग रं. लेकरासाठी पावतो ह्यो.