पावसाने पुसलेला होमरन

डेट्रॉइट, सप्टेंबर १९७१. पावसाने बेसबॉलचा सामना थांबला. तिकिटं बदलण्याच्या रांगेत बाळाला थोपटणाऱ्या लॉरेनच्या पुढे एक वयस्क जोडपं बोलत होतं.

"पाच डाव झाले नाहीत, अर्नी. म्हणजे सामना झालाच नाही. आपण चार धावांनी मागे होतो, तेही पुसलं."

"आणि आपल्या पोराचा, टॉडचा, थेट प्रेक्षकांत मारलेला होमरन? आयुष्यातला पहिला."

"तोही पुसला."

"तुला काहीच वाटत नाही, हेझल?"

"अंतिम फेरीला एक विजय कमी पडतोय. उद्या दोन सामने आहेत. पुन्हा मारेल."

"एका दिवसात दोन? दमेल गं पोरगा."

"अंगणातून त्याला कान धरून आत आणावं लागायचं. तो कसला दमतोय."

"मग हे फेकू?" अर्नीच्या धावपत्रकावर एकच चौकोन, टॉडच्या होमरनचा, पेन्सिलीने गच्च भरलेला होता.

"उद्यासाठी नवं घेऊ. हे माझ्या पर्समध्ये ठेव, भिजेल."