राहीच्या तोंडाला औषध लावले त्याबाबत

जबाब देणार: तुळशीबाई, मयत विठोबा शिगवण यांची बायको. वय अंदाजे चौतीस. धंदा: बंदराच्या रस्त्यावरील खाजगी दवाखान्यात आयाचे काम. राहणार आंबेखार, रेवस बंदराजवळ, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा. तारीख १८ मार्च १९३३, शनिवार, सकाळी दहाचे सुमारास.

मी ठाण्यात जातीने हजर होऊन सांगते की, राही ही माझी सख्खी धाकटी बहीण. तिचे वय एकवीस. ती चार वर्षांची असताना आमची आई वारली. तेव्हापासून लग्न होईपावेतो ती माझ्याकडे होती. पाच वर्षांपूर्वी तिचे लग्न शेजारच्या गावचे कोंडाजी बिन राघोजी यांचा मुलगा बाळाजी याच्याशी झाले. बाळाजी मुंबईस गोदीत फिटर आहे. लग्नानंतर दीड वर्षाने तो तिकडे गेला. शिमग्याला तेवढा घरी येत असे. मागल्या शिमग्याला तो आला नाही.

राहीच्या तोंडाबाबत विचारल्यावरून सांगते की, लग्नात तिच्या कपाळावर चार-दोन मुरुमे होती, ती हळदीत झाकली गेली. पुढे दोन्ही गालांवर व हनुवटीवर गाठी उठू लागल्या. त्या पिकून फुटत. दोन वर्षांनी सर्व बसल्या तेव्हा जागोजाग खड्डे राहिले. देवी आल्या होत्या काय, असे लोक तिला विचारत. देवी आलेल्या नाहीत. तिच्या दंडावर टोचल्याची खूण आहे, ती पंचांनी पाहिली आहे.

तिची सासू आवडाबाई तिला रोज जेवताना बोलत असे. "तुझं तोंड बघाया नको म्हनून माझा पोर घरला येत न्हाय," हे तिचे बोलणे मी स्वतः त्यांच्या ओटीवर बसले असता दोनदा ऐकले आहे. राही भर दुपारी विहिरीवर जात असे, कारण त्या वेळी तिथे कोणी नसते.

राहीच्या लग्नानंतर लगेच माझा नवरा वारला व मी चार वर्षे मुंबईस एका मडमेच्या दवाखान्यात कामाला होते. ती मडम तोंडावरचे डाग व वण काढत असे. बायका जाड जाळी तोंडावर ओढून येत. मडम त्यांच्या तोंडाला कार्बोलिकचे औषध लावून वरची कातडी जाळत असे. खाली नवी कातडी येई. महिन्या-दोन महिन्यांनी त्याच बायका जाळी न घेता येत. माझ्याकडे बादल्या व पट्ट्या धुण्याचे काम होते. ही हकिकत मी राहीला मागे एकदा दिवाळीत गंमत म्हणून सांगितली होती.

गेल्या महिन्यात दोन तारखेस राही सासरहून एकटी चालत माझ्याकडे आली. हातात लहानसे गाठोडे होते. ती म्हणाली, "आक्का, तुला येतं ते. माझ्या तोंडाला कर."

मी म्हणाले, "मला न्हाय येत. मडम डॉक्टरीन होती. मी बादल्या धूत व्हते."

"बघितलंयस ना?"

"बघनं येगळं, करनं येगळं."

तिने गाठोडे सोडले. त्यात लुगड्याच्या घडीत दोन बिब्बे होते व चुन्याची पुडी होती. "मग मी माझ्या हातानं हे लावीन," ती म्हणाली. "शिमग्याला तो येनार हाय. यंदा येनार म्हनून कागद आलाय. तवर तोंड साफ झालं पायजे. न्हाय तर मला परत त्या घरात धाडू नको." बिब्ब्याने काय होते ते मला ठाऊक आहे. आमच्या दवाखान्यात बिब्बा उतून कातडी भाजलेली माणसे येतात. मी तिला तीन दिवस नको म्हटले. तिसऱ्या दिवशी तिच्या डाव्या गालावर कानाजवळ बिब्ब्याचा काळा ठिपका दिसला. मग मी कबूल झाले.

पाच तारखेस रविवार होता. दवाखाना बंद होता व झाडलोटीसाठी चावी माझ्याकडे असते. कपाटातून कार्बोलिकची बाटली व चिकट प्लास्टर मी न विचारता आणले. डॉक्टरसाहेबांना याची माहिती नव्हती. त्यांचा यात काही दोष नाही. घरी येऊन राहीचे तोंड साबणाने धुतले, डोळ्यांवर तेलाच्या चिंध्या ठेवल्या व काडीला कापूस गुंडाळून औषध थोडे थोडे लावले. मडम कशी लावत असे ते आठवून लावले. राहीने बाजेच्या दोन्ही कडा धरल्या होत्या. तिला बांधले होते काय, असे विचारल्यावरून सांगते की नाही. ती ओरडली काय, असे विचारल्यावरून सांगते की नाही. बाजेची सुंभाची वीण तिच्या हाताखाली तुटली. नंतर डोळे, नाकपुड्या व तोंड मोकळे ठेवून सगळ्या चेहऱ्यावर प्लास्टरच्या पट्ट्या लावल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी तिला लघवी काळपट हिरवी झाली. असे मी मुंबईस एकदा पाहिले होते. ते औषध अंगात भिनल्याने होते. त्या बाईला मोटारीत घालून नेले. पुढे तिचे काय झाले ते मला माहीत नाही. राहीला ओठ हलवता येत नव्हते म्हणून पपईच्या पानाचा देठ कापून त्यातून मी तिला पाणी पाजत राहिले. तिच्या छातीवर हात ठेवून बसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी लघवी साफ झाली. डॉक्टरांस बोलावले नाही. का बोलावले नाही, असे विचारल्यावरून सांगते की मला भीती वाटली. कशाची, असे विचारल्यावरून काही सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी पट्ट्या सोडवल्या. तिचे डोळे सुजून मिटलेले होते. "कसं दिसतं, आक्का?" असे तिने विचारले. मी "साफ हाय" असे सांगितले. त्या वेळी तिच्या तोंडावर कातडी नव्हती.

मडम वापरत असे तशी पिवळी पूड दवाखान्यात होती, ती आणून लावली. त्याची जाड खपली धरली. माश्या बसू नयेत म्हणून बाजेवर जुने लुगडे टांगून तिला आत ठेवले. खपली तडकू नये म्हणून हसायचे नाही, रडायचे नाही, बोलायचे नाही, असे मी तिला बजावले होते. तिने ते पाळले. आठ दिवस पेजेचे पाणी व ताक देठातून दिले. मी कामावरून आले की ती बोटांवर शिमग्याचे दिवस मोजून मला दाखवीत असे. शेजारच्या रंगूला मी सांगितले की राहीला गोवर आहे, घरात येऊ नये.

दहाव्या दिवसापासून खोबरेल चोपडून खपली सुटू लागली. सगळी सुटायला पाच दिवस लागले. खाली कातडी होती. लाल होती, सोललेल्या कोलंबीसारखी, व मानेवर जिथे औषध थांबले तिथे रेघ होती. मी घरातला आरसा रंगूकडे देऊन ठेवला होता. राहीने परातीत पाणी घेऊन त्यात पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. मग म्हणाली, "खड्डे गेले, आक्का." ते खरे होते. गालांवरचे बहुतेक गेले होते. फक्त उजवीकडे हनुवटीजवळ कातडी जाड येऊन ओठाचा कोपरा थोडा वर ओढला गेला आहे. तिथे माझ्या हाताने औषध दोनदा लागले. त्याबद्दल ती मला कधी काही बोलली नाही.

पुढे तीन आठवडे तिला उन्हात जाऊ दिले नाही व चुलीपाशी बसू दिले नाही, कारण नवी कातडी उन्हाने काळी पडते. तिला रात्रंदिवस खाज येत असे. ती हातांना फडके गुंडाळून निजत असे.

शिमग्याला बाळाजी घरी आल्याचे कळले तेव्हा मी निरोप धाडला. सोमवारी, तारीख तेरा मार्च, सकाळी नवाचे सुमारास तो एकटाच माझ्या अंगणात आला. चपला पायरीशी काढल्या, पण वर चढला नाही. राही दाराआड उभी होती.

तो म्हणाला, "आक्का, तिला इथंच ऱ्हाऊ दे. आमच्याकडं धाडू नको. ह्येच सांगाया आलो."

मी म्हणाले, "बाळाजी, तिचं तोंड बरं झालंय. खड्डे न्हाय आता. जरा लाल हाय, ते बी जाईल. तू बघ तर."

त्याला समजले नाही. "तोंडाचं काय?" त्याने विचारले.

"तुझी आये म्हनते, तिच्या तोंडापायी तू येत न्हायस."

तो खाली बघून म्हणाला, "तोंडाचं मी कवा काय बोललो? मी तिकडं दुसरं घर केलंय. दोन वरसं झाली. पोरगी हाय एक. आयेला, बाला, दोघांला ठाऊक हाय."

"मग हिला तोंडावरनं का बोलायचे?"

"लोक इचारतात. त्यांला काय तरी सांगाया लागतं ना."

तेव्हा राही दार उघडून बाहेर आली. डोक्यावर पदर नव्हता. अंगणात ऊन होते. ती त्याच्यासमोर उभी राहिली व म्हणाली, "बघा तरी."

त्याने पाहिले. "बरं झालंय की," असे तो म्हणाला. मग चपला घालून गेला. यापेक्षा जास्त बोलणे झाले नाही. शिवीगाळ झाली नाही.

राही तिथेच अंगणात खाली बसली. मी तिला आत ओढू पाहिले, ती उठली नाही. मग मी तिच्यावर छत्री धरून उभी राहिले. बारा वाजून गेल्यावर ती आपण होऊन आत आली. त्या दिवशी मी कामावर गेले नाही. दुसऱ्या दिवशीही तिने अन्न घेतले नाही व तेल लावू दिले नाही. दिवसात एकदाच बोलली. "तोंडाचं कायच नव्हतं, तर मी एवढं सोसलं ते कशापायी?" असे तिने विचारले.

बुधवारी, तारीख पंधरा, मी सात वाजता दवाखान्यात गेले. जाऊ की नको, असे तिला विचारले, तर "जा" म्हणाली. नऊचे सुमारास होडीवाले अंबाजी यांनी राहीला पाठीवर घालून दवाखान्यात आणले. ती गळ्यापर्यंत चिखलाने भरली होती. शुद्धीवर होती. डॉक्टरसाहेबांनी तिला तपासले, त्या वेळी त्यांनी तिचे तोंड प्रथम पाहिले व मला विचारले. मी त्यांना सर्व सांगितले. त्यांनी ठाण्यात कळवले ते योग्यच केले.

अंबाजी यांनी असा जबाब दिला आहे की, राही खाडीत छातीभर पाण्यात सरळ पुढे चालली होती व हाका मारूनही मागे पाहीना. तो मला वाचून दाखवला. जीव देऊ पाहणे हा गुन्हा असून त्यास शिक्षा आहे, हेही मला समजावले. त्याबाबत माझे म्हणणे असे की, राही चिखलातल्या शिंपल्या वेचायला गेली होती. ओहोटी होती. राहीचा पाय घसरला. शिंपल्यांचे कालवण तिला लहानपणापासून आवडते. टोपली कुठे, असे विचारल्यावरून सांगते की वाहून गेली असेल. माझ्या घरच्या दोन्ही टोपल्या घरातच मिळाल्या, असे दाखवल्यावरून सांगते की आणखी एक होती. हाका तिला वाऱ्यामुळे ऐकू आल्या नसतील. अंबाजी खोटे बोलत नाहीत. त्यांना लांबून तसे वाटले असेल. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

राहीचे सासरे कोंडाजी यांची फिर्याद मला ऐकवली. मी द्वेषाने बहिणीचे तोंड तेजाबाने जाळले, असे त्यात आहे. द्वेषाने नाही. बाकी खरे आहे. औषध मी चोरले, मी लावले. राहीला त्यातले धोके माहीत नव्हते, मी सांगितले नव्हते. जी शिक्षा व्हायची ती मला व्हावी. मात्र मला नेल्यास तिच्याजवळ राहणारे कोणी नाही, ही गोष्ट लिहून घ्यावी.

सध्या राही माझ्या घरी आहे व रंगू तिच्याजवळ बसली आहे. तिची प्रकृती कशी आहे, असे विचारल्यावरून सांगते की आज सकाळी मी निघताना तिने पेज मागितली. दोन घोट घेऊन अळणी आहे म्हणाली. मी मीठ घालून दिले. वाटी रिकामी होईपर्यंत थांबले, म्हणून ठाण्यात यायला उशीर झाला.

हा मजकूर हेडकॉन्स्टेबल तुकाराम यांनी मला सावकाश वाचून ऐकवला. त्यात एके ठिकाणी "राही पाण्यात उतरली" असे शब्द आले. तिथे मी त्यांना थांबवले व "राहीचा पाय घसरला" असे घालण्यास सांगितले. आधीचे शब्द खोडून तसे घातले आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, म्हणून खाली अंगठा केला. खोडलेल्या जागी माझा अंगठा वेगळा घेतला आहे.