जिंकलेली जर्सी

डब्याचं झाकण खटकन उघडलं आणि रांगेतली शांतता मोडली. आमच्या नेब्रास्कात कॉलेजच्या फुटबॉल मैदानात डबा नेऊ देत नाहीत, म्हणून माझी लेक फाटकाबाहेरच खायला बसली. पुढे लाल जर्सीतले एक आजोबा गाल फुगवून उभे होते. शेजारी त्यांची सून.

"बाबा, बोला ना काहीतरी. अख्ख्या रस्त्यात तोंड उघडलं नाहीत."

"तू जर्सी धुतलीस, कर्स्टन."

"अहो, वास मारत होती!"

"जिंकलेली जर्सी कुणी धुतं का? नशीब धुऊन जातं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आज हरलो तर अख्खं गाव मला बोल लावेल."

"हरलो तर मी चौकात उभी राहून कबूल करीन. मग तर झालं?"

"आणि आर्डिसचा डाग?"

"आईंचा?"

"मागच्या वर्षी तिनं माझ्यावर मस्टर्ड सांडलं होतं. इथेच, रांगेत. तिची शेवटची मॅच."

सून रांगेतून बाहेर पडली. मग कोपऱ्यावरच्या गाडीवरून मस्टर्डनं माखलेला हॉट डॉग घेऊन आली.

"हलू नका, बाबा."

"अगं, हे काय करतेस?"

"सांडतेय. इथे ना?"

"थोडं डावीकडे."

"एवढं पुरे?"

"छे! आर्डिसचा हात सढळ होता."

"हं, घ्या मग!"

"आता कसं! चल, फाटक उघडलं बघ."

लेकीनं माझी बाही ओढली.

"आई, मग मी सांडलं की तू का गं ओरडतेस?"