विहिरीचं चित्र

नवीन जालन्यात आम्हा पाच जणांचं चित्रप्रदर्शन लागल्तं, तवाची गोष्ट. मी गावची विहीर काढल्ती. तरुणपणी मायला तिथं पाणी शेंदू देत नव्हते, म्हणून चित्रात ती रिकामा हंडा घेऊन लांब उभी होती. आन् बघायला आले कोण, तर ज्यांची विहीर, ते पाटीलच! चित्रापुढून हलंनात. मला दरदरून घाम फुटला.

"ही तुझी माय ना?"

"व्हय, पाटील."

"हिच्यासंगं माझा फोटो काढ."

मी काढला. त्यांनी तो लगेच गावच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'आमच्या गावची चित्रकार.'

जरा जिवात जीव आला, तेवढ्यात मायचा फोन.

"माय, पाटलांनी आमच्या गावची म्हणून लिव्हलंय!"

"लिहू दे. तू चित्र जल्दी उतरव, बाई. आम्हाला हितंच राह्याचंय."

चित्र न्हाई उतरवलं. पण प्रदर्शन संपेपर्यंत फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं.